डीएम पाण्यासाठी घेतलेला पीएच इलेक्ट्रोड, सहा महिन्यांनंतर

मी चिकोडीकडच्या एका साखर कारखान्यात लॅबला आहे, बॉयलरचं डीएम पाणी, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी, रोज बघायला लागतंय. जुना जेलवाला इलेक्ट्रोड (पीएच मोजायची कांडी, आत जेल भरलेली) बीकरात बुडवला की आकडा थांबायचाच नाही, 6.8 वरनं घसरत घसरत चहा पिऊन येईपर्यंत 5.7, आणि साहेब म्हणणार पाणी बिघडलंय. खरं पाणी चांगलंच होतं की! एवढ्या शुद्ध पाण्यात क्षारच नसतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड जरा शिरला की पीएच खाली.

म्हणून बेळगावात उद्यमबागेतल्या एका दुकानातनं केसीएल (पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण) भरायचा इलेक्ट्रोड आणि स्टीलचा बंद फ्लो सेल, म्हणजे हवा न लागता पाणी आतनं वाहतं ते भांडं, घेतला. साध्याच्या तिप्पट पैसे गेले, खरं आकडा आता दोन-चार मिनिटांत बसतो.

राग दुकानदारावर आहे. सेलला अर्थिंग करायचं असतं हे त्यानं सांगितलंच नाही, नळ जरा जास्त सोडला की रीडिंग उड्या मारायचं, आठवडाभर मी इलेक्ट्रोडलाच शिव्या घातल्या. फोन केला तर तो कन्नडात, मी मराठीत, शेवटी आमच्या इलेक्ट्रिशियननं वायर जोडली आणि धार बारीक, एकसारखी ठेवली, मग गप बसलं.

बफरनं (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणानं) कॅलिब्रेशन केल्यावर मात्र धुवायला लई वेळ जातोय, बफरचा थेंब राहिला तरी रीडिंग चुकतंय. केसीएलची बाटली संपत आलीय, ती दुसरीकडनंच घेणार.