ऑरेंज २२२ : एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

आधीच सांगतो, ही सायकल नवी नाही आणि आता बनतही नाही. मी इंग्लंडात शेफील्डला राहतो. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर, २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली, ऑरेंज कंपनीची २२२ ही डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरच्या शर्यतीची, सायकल मला इथे मिळाली. नव्या डाउनहिल सायकलच्या नुसत्या चिमट्याला, म्हणजे पुढच्या फोर्कला, जे पैसे पडतात, त्याहून कमीत. तेव्हापासून जमेल त्या शनिवारी हिच्यावर असतो. वजन वीस किलोच्या घरात. बाबांनी व्हिडिओ कॉलवर पाहिली आणि विचारलं, "इंजिन कुठाय रे हिचं?"

जुनीच का, तर ही हौस हॉस्टेलातली आहे. तेव्हा नाशिकला लॅनवर डाउनहिल रेसच्या क्लिपा फिरायच्या. कोण कुठून आणायचं देव जाणे. आमच्याकडे माउंटन बाइक म्हणजे जाड टायरची हिरो रेंजर, आणि शॉकअप असले तर ते बहुतेक शोभेलाच. त्या क्लिपांमध्ये स्टीव्ह पीट नावाचा धिप्पाड माणूस दगडांवरून असा यायचा की सायकल तुटेल असंच वाटावं. २००२ आणि २००४ साली त्याने वर्ल्ड कप मालिकेचं विजेतेपद पटकावलं ते ऑरेंजवर. तो शेफील्डजवळच्या चॅपलटाउनचा. मी नोकरीसाठी इथे आलो तेव्हा हे ध्यानीमनीही नव्हतं. पण ज्या वॉर्नक्लिफच्या जंगलात तो तयार झाला ते माझ्या घरापासून बसने जाण्याजोगं आहे असं कळल्यावर पुढचं टळणार नव्हतं.

फ्रेम हॅलिफॅक्सची, यॉर्कशरातलीच. नळ्या जोडून केलेली नाही. ॲल्युमिनियमचे पत्रे कापायचे, दुमडायचे, वेल्ड करायचे, असं काम. मागचं चाक धरणारा स्विंगआर्मही तसाच, आतून पोकळ. चेन त्यावर आपटली की जो दणका होतो त्यावरून इथल्या लोकांनी ऑरेंजला फायलींचं कपाट असं नावच पाडलंय. माझ्या कानाला मात्र ते जिन्यावरून खाली सोडलेलं गोदरेजचं कपाट आहे. आता असा आवाज सहसा येत नाही, कारण २०१२च्या आसपास मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागात, क्लच आला आणि चेन ताणलेली राहू लागली. त्याच सुमारास आलेल्या एक जाड, एक बारीक दात असलेल्या पुढच्या चकतीमुळे चेन पडणंही जवळपास थांबलं. माझ्या सायकलला यातलं काही नाही. चेन जागेवर राहावी म्हणून पुढे रोलरवाला चेनगाइड आहे, तोही कुरकुरतो. स्विंगआर्मला जुनी ट्यूब गुंडाळून पाहिली. आवाज निम्मा झाला. उरलेला निम्मा मी ठेवलाय, कारण पुढे चालणाऱ्यांना घंटी वाजवावी लागत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते मागच्या शॉकअपने. इथे एकच बिजागरी आहे. चाक त्या एका बिंदूभोवती वर-खाली होतं, मधे कुठलीही जोडदांडी नाही. चिखलाच्या देशात याचा फायदा असा की झिजायला बेअरिंगच कमी. मित्राच्या नव्या सायकलला जोडदांड्यांच्या बेअरिंगची एक पिशवीच लागते, माझं काम दोनांत भागतं. तोटा ब्रेकला कळतो. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकती आवळणारा भाग, थेट स्विंगआर्मवर बसलेला आहे. मागचा ब्रेक दाबला की चाकाचा जोर स्विंगआर्मवर येतो, सायकल मागून बसते आणि शॉकअप आखडतो. वॉर्नक्लिफमध्ये ग्रिटस्टोनच्या ओबडधोबड पायऱ्या आहेत. तिथे घाबरून ब्रेक धरून ठेवला की प्रत्येक दगड कंबरेपर्यंत पोचतो. ब्रेक सोडला की तोच उतार एकदम मऊ होतो. म्हणजे जिथे हात आपोआप आवळतात, नेमकं तिथेच सोडायचे. दगडांच्या आधी, सपाट जागेत, काय तो ब्रेक मारून घ्यायचा.

नव्या सायकलींत हा दोष बऱ्याच अंशी काढून टाकलाय. ब्रेक केव्हाही धरा, फार बिघडत नाही. त्या काळात काहींनी कॅलिपर स्विंगआर्मवरून सुटा करून वेगळ्या दांडीने फ्रेमला बांधला होता. तसा संच कुणाकडे पडून असेल तर मला नकोय. या सायकलवर मी ब्रेक कुठे मारायचा ते शिकलो आणि आता नव्या सायकलवर बसलो तरी ती सवय राहते.

पॅडलला बसणारी लाथ हा त्याच रचनेचा दुसरा नमुना. मागचं चाक वर उचललं गेलं की क्रँक (पॅडल ज्याला बसतं तो दांडा) आणि चाकातलं अंतर वाढतं, चेन ताणली जाते आणि पॅडल मागे खेचलं जातं. उतारावर वेगात असताना कळत नाही. पॅडल मारत खड्ड्यात गेलात की कळतं.

पुढे मार्झोकीचा ८८८ चिमटा आहे, २०० मिलिमीटर प्रवास, फ्रेमच्या पुढच्या नळीला खाली-वर दोन्हीकडे पकडणारा. याबद्दल थोडं लांबवतो, कारण या चिमट्याचा इतिहास मला फार आवडतो. नव्वदच्या दशकात बऱ्याच चिमट्यांत इलॅस्टोमर असायचे, म्हणजे रबरासारखे ठोकळे, थंडीत कडक होणारे. इंग्लंडच्या जानेवारीत ते शॉकअप नसल्यातच जमा. बोलोन्याची मार्झोकी मोटारसायकलचे चिमटे बनवणारी. तिने १९९७च्या बॉम्बर झेड-वनमध्ये स्प्रिंग आणि तेलात बुडालेली यंत्रणा घातली आणि खेळच बदलला. ८८८ त्याच घराण्यातला. आत खरोखर तेल खळखळतं. राईडच्या आदल्या रात्री जुने लोक सायकल उलटी करून ठेवत, म्हणजे तेल वरच्या सीलपर्यंत पोचतं. मीही ठेवतो आणि सकाळी चिमटा लोण्यासारखा चालतो. वर्षानुवर्षं वाळलेले सील आल्या आल्या गळत होते, ते बदलले. सील दुसऱ्या कंपन्यांचे मिळतात. आतले सुटे भाग मात्र दुसरा ८८८ फोडूनच मिळवावे लागतात. मार्झोकीचा सायकलचा धंदा २०१५ मध्ये फॉक्सकडे गेला, त्यामुळे नव्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

ब्रेक होपचे, मोनो एम-फोर. होप लँकशरमधल्या बार्नोल्ड्सविकची. इतक्या जुन्या ब्रेकचे सील त्यांच्याकडे अजून मिळतात, हे ज्यांनी कधी जुनी वस्तू चालती ठेवलीय त्यांनाच किती मोठं आहे ते कळेल. फक्त ब्रेकमधलं डॉट तेल रंगावर सांडू देऊ नका. आणि ब्रेकबद्दल तक्रार करण्याआधी हे आठवावं की हा खेळ १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत ज्या सायकलींवर सुरू झाला, त्यांचा ब्रेक मागच्या हबमध्ये होता, उलटं पॅडल मारून लागणारा. एका उतारात हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर नव्याने भरावं लागायचं. त्या रेसचं रीपॅक हे नाव त्यावरूनच पडलं.

मोजमापांची भानगड वेगळीच. पुढच्या चेनगाइडची भोकं जुन्या पद्धतीची, २००५ नंतरच्या गाइडला ती जुळत नाहीत. क्रँकची धुरी आयसिस पद्धतीची होती. धुरी जाड केली पण बाहेरचं कवच तेवढंच राहिलं, म्हणून आतले छर्रे बारीक झाले आणि बेअरिंग लवकर जातं. माझंही गेलं. तिथे बाहेर बेअरिंग असलेला क्रँक बसवला. शुद्धतावाद्यांनी इथे नाक मुरडावं.

चाकं २६ इंची. टायर मॅक्सिसचे मिनियनच घातले, अजून मागवता येतात. ट्यूब आहेत, त्यामुळे हवा कमी ठेवून रिम दगडाला टेकली की पंक्चर ठरलेलं. मागच्या चाकाचा आऊट दर महिन्याला काढावा लागतो. २०१७ मध्ये स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमच्या वर्ल्ड कपला डाउनहिल रेसर ग्रेग मिनार २९ इंची चाकांवर जिंकला. माझ्या २६ इंची चाकावर दगडांत बसलं की का जिंकला ते हातांना समजतं. मोठं चाक जे ओलांडून जातं, त्यात हे अडकतं. वर हेड अँगलही, म्हणजे पुढच्या चिमट्याचा जमिनीशी असलेला कोनही, त्या काळचा, ६५-६६ अंशांच्या आसपासचा. आजच्या सायकली ६३ च्या आसपास असतात. तीव्र उतारावर ही पुढून उलटेल असं सतत वाटत राहतं, शरीर मागे टाकावं लागतं. कोपऱ्यात मात्र ही चटकन वळते. तंग झाडांमध्ये मला हीच आवडते.

ब्लायनाउ फेस्टिनिओगला, वेल्समध्ये, जुन्या पाटीच्या दगडाच्या खाणींशेजारी अँतुर स्टिनिओग म्हणून सायकल पार्क आहे. व्हॅन सायकली वर नेते. ट्रेलरवर सगळ्या सायकली ओळीने पाहिल्या तर स्टिकर झाकल्यावर कुठली कुणाची ते सांगता येत नाही. सगळ्या चांगल्या आहेत, हाच प्रॉब्लेम. माझ्या सायकलच्या पिढीत कुणालाच बरोबर उत्तर माहीत नव्हतं. स्पेशलाइज्डच्या बिग हिटला मागचं चाक २४ इंची. शिमानोच्या पहिल्या सेंट (Saint) नावाच्या संचात डिरेलर थेट मागच्या ॲक्सलवर. होंडाने आरएन-झिरोवनमध्ये गिअर पेटीत बंद केले, त्यावर मिनार वर्ल्ड कपची शर्यत जिंकला, आणि ती सायकल होंडाने कधी विकलीच नाही. यातलं बरंचसं टिकलं नाही, टिकू नये असंच होतं. पण पाहायला मजा यायची.

ज्यांना एकच सायकल घ्यायची आहे त्यांनी ही घेऊ नये. चढावर ही ढकलायचीच असते, आणि घड्याळ लावलंत तर कुठलीही साधी आधुनिक ट्रेल बाइक उतारावरसुद्धा हिला मागे टाकेल. दुसरी म्हणून, हाताला ग्रीस लागलेलं चालत असेल तर, जरूर. घेताना बिजागरीच्या आणि शॉकअपच्या जोडाजवळचे वेल्ड टॉर्च मारून बघा. रंगात केसाएवढी रेघ दिसली तर फ्रेम भिंतीवर टांगायच्या लायकीची समजा आणि त्याच भावात घ्या. मागच्या ॲक्सलचे आटे तपासा. शॉकअपच्या स्प्रिंगवरचा आकडा वाचा, कारण ती आधीच्या मालकाच्या वजनाची असते. माझा विक्रेता माझ्यापेक्षा बराच जड होता, त्यामुळे पहिले काही आठवडे मागचा शॉकअप हललाच नाही आणि मी त्या काळातल्या लोकांना फारच धीट समजत होतो.

सध्या मागचा हब गुरगुरतोय. बेअरिंगवर नंबर कोरलेला आहे, तो घेऊन शुक्रवारी ॲटरक्लिफच्या बेअरिंगच्या दुकानात जाणार आहे.