सेन्सर चांगला, गोंद भिकार: आठ महिन्यांच्या वापरानंतर

काल दुपारी सव्वाबाराला मधुमेहासाठी दंडावर लावलेला माझा सेन्सर पिठाच्या परातीत पडला. सहावाच दिवस होता. १४ दिवस चालायची वस्तू, ४५०० रुपये मोजून आणलेली, कणीक मळताना दंडावरून सुटली ती थेट परातीत. ६० पोळ्यांची कणीक टाकावी लागली ती वेगळीच. दोन महिने लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

दंडावर चिकटवायचा, मोबाइलवर सतत साखर दाखवणारा सेन्सर म्हणजे काय, हे टाइप वन मधुमेहवाल्यांना, म्हणजे रोज इन्सुलिनवर जगणाऱ्यांना, सांगायला नको. मला मधुमेह १५व्या वर्षी निघाला, त्याला आता २६ वर्षं झाली. रात्री एकदा बेसल, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं, आणि जेवणाआधी तीनदा झटपट काम करणारं इन्सुलिन. चिपळूणला घरगुती डबे करते, म्हणजे पहाटे साडेपाचपासून दुपारी दीडपर्यंत गॅससमोर उभी. घाम किती येतो ते कोकणातल्या माणसाने समजून घ्यावं.

तर गोंद. जूनपासून ११ सेन्सर झाले, त्यातले पाच मुदतीआधी निघाले. पहिला निघाला तेव्हा हेल्पलाइनला फोन केला, नंबर सांगितला, फोटो पाठवला, आठ दिवसांत बदली सेन्सर घरी. मी खूश. दुसऱ्या वेळी पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, घाम येईल असं काम टाळा." मी म्हटलं, "अगं बाई, काम टाळलं तर सेन्सरला पैसे कुठून आणू?" तिसऱ्या वेळी मेल आला, वापरणाऱ्याच्या हाताळणीमुळे निघाला, बदलून मिळणार नाही. मला याचा अजून राग येतो. केसाएवढी तार कातडीखाली घालून साखर मोजण्याइतकी अक्कल लावलीत, मग ती तार जागेवर धरणारा गोंद घामाला टिकेल एवढं बघायला काय झालं होतं? वस्तू माणसाच्या अंगावर राहायची आहे आणि माणसाला घाम येतो.

मी काय करते ते सांगते. सकाळी आंघोळ करून लावायचा नाही. रात्री सगळं आवरल्यावर लावायचा, म्हणजे सात-आठ तास कोरडा राहून धरतो. दंडाला आदल्या दिवसापासून खोबरेल नाही. स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. वर ड्रेसिंगची ताणणारी कापडी पट्टी, सेन्सरएवढं भोक कापून. कागदी पट्टी घेऊ नका, फोडणीच्या वाफेतच सुटते. कापडी पट्टी लावल्यापासून एकही पडला नव्हता. या वेळी ती संपली होती, दोन मेडिकल फिरून मिळाली नाही, म्हटलं एक वेळ चालेल. नाही चालली.

आता दुसरी गोष्ट. तिसऱ्या महिन्यात विचारलं असतंत तर आकडेही बेभरवशाचे आहेत असं मी ठासून सांगितलं असतं. त्याच दोन पोळ्या, तेच ६ युनिट इन्सुलिन. सोमवारी दोन तासांनी १५०, मंगळवारी २६०, बुधवारी ५८. तक्रार लिहायला घेतली होती. पण बोट टोचून पाहिलं तर ग्लुकोमीटरही जवळपास तेच सांगत होता. डॉक्टरांना आलेख दाखवला. त्यांनी आलेखाकडे जेमतेम पाहिलं आणि पोट दाखवा म्हणाले. बेंबीच्या दोन्ही बाजूंना बोटं फिरवली आणि माझाच हात धरून तिथे ठेवला. सुपारीएवढी, मऊसर सूज. सव्वीस वर्षं सवयीने तिथेच टोचत आले, आणि पैसे वाचवायला एक सुई दहा-दहा दिवस वापरत आले. अशा गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी झिरपत राहतं, कधी एकदम उतरतं. जागा बदलायला सांगितली आणि डोसही आधीच कमी करून दिला, कारण चांगल्या जागी तेवढंच इन्सुलिन जास्त लागू पडतं. स्वतःच्या मनाने जागा बदलून जुनाच डोस घेऊ नका. त्या आठवड्यात डोस कमी करूनही माझी साखर दोनदा ७०च्या खाली, म्हणजे फारच कमी, गेली होती.

तेव्हापासून आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. दोन गोष्टी मात्र कळून वापरा. सेन्सर रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून साखर झपाट्याने बदलत असताना तो दहा-पंधरा मिनिटं मागे असतो. साखर उतरल्यासारखे हातपाय थरथरताहेत आणि पडद्यावर ९२ आहे, तर बोट टोचा. तेही जमत नसेल तर आधी साखर खा. आणि सेन्सरच्या कुशीवर झोपलात तर दंड दाबून खोटं ५५ दाखवतो आणि घर उठवतो. आमच्या सासूबाई पहिल्या रात्री साखरेचा डबा घेऊन धावत आल्या होत्या. अजूनही अलार्म वाजला की त्याच आधी उठतात.

आकड्यापेक्षा त्याच्या शेजारचा, साखर चढतेय की उतरतेय ते दाखवणारा बाण पाहायला शिकले, हा मोठा फायदा. ११० आणि बाण आडवा, तर कामाला लागा. ११० आणि बाण खाली, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघणे. आषाढीला वाटीभर साबुदाण्याची खिचडी इन्सुलिन घेऊन लगेच खाल्ली, पाऊण तासात ११८वरून २६४. कार्तिकीला तीच वाटी, पण इन्सुलिन वीस मिनिटं आधी. १९०च्या वर गेली नाही. इतकी वर्षं उपवासाला मी साबुदाण्याला शिव्या देत होते.

साखर दिवसाचा ७० टक्के वेळ ७० ते १८०च्या मध्ये असावी म्हणतात. माझा पहिल्या पंधरवड्यात ४६ होता, आता ६७. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ८.९ वरून ७.६. हे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही.

पण पैसे आहेतच. दिवसाला ३२१ रुपये, म्हणजे माझे साडेतीन डबे. सलग लावणं परवडेना म्हणून ऑक्टोबरपासून एक पंधरवडा सेन्सर, एक पंधरवडा बोट टोचणं असं चालवते. सेन्सरच्या दिवसांत वहीत लिहून ठेवते, कोणत्या जेवणाला किती मिनिटं आधी, आणि पुढचे पंधरा दिवस ती वही बघून निघतात. ज्यांना महिन्याला एकही जमत नाही त्यांनी तीन महिन्यांतून एकदा तरी लावून बघावा असं मी मनापासून सांगेन. पोटातल्या गाठी मला नुसत्या बोट टोचायच्या स्ट्रिपने कधीच कळल्या नसत्या.

कालच्या सेन्सरसाठी हेल्पलाइनला पुन्हा फोन केलाय. फोटो मागितलाय, तो पिठासकट पाठवलाय. यांनी आज खेडहून कापडी पट्टीची दोन रिळं आणलीत. नवा सेन्सर रात्री लावीन, डाव्या दंडाला, कणकेला जोर उजव्याचा लागतो.