खानापूर तालुक्यातील शालेय मार्गदर्शक उपक्रम : एका स्वयंसेविकेचा अभिप्राय

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील मराठी शाळांमध्ये आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शक मिळवून देणाऱ्या एका स्वयंसेवी उपक्रमात मी काही वर्षांपासून काम करीत आहे. त्यात सहभागी होण्याचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

उपक्रमाची सर्वांत चांगली बाब म्हणजे मुलांकडे येणारी व्यक्ती मध्येच बदलत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ठरलेली ताई किंवा दादा येणार, हे मुलांना ठाऊक असते आणि त्यामुळेच अभ्यासापलीकडच्या अडचणी हळूहळू बोलल्या जातात. भेट नेहमी शिक्षकांच्या नजरेसमोर, उघड्या वर्गात किंवा व्हरांड्यात व्हावी, हा नियम काटेकोरपणे पाळला जातो आणि 1098 हा बालसाहाय्य क्रमांक मुलांकडून पाठ करून घेतला जातो. पालकांचा विश्वास बसण्यास हे फार उपयोगी पडले आहे.

माझ्या मते खरे मोल आहे ते कागदपत्रांच्या मदतीचे. आठवीत होणाऱ्या एन.एम.एम.एस. या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. त्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. हुशार मुले परीक्षेची तयारी जिद्दीने करतात, पण घोडे अडते ते दाखल्यांपाशी. जांबोटी भागातील एका मुलीचे नाव शाळेच्या नोंदीत एक आणि आधारकार्डावर दुसरे होते. नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून मिळालेला उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये असल्याने त्यात काय लिहिले आहे, हे तिच्या वडिलांना समजत नव्हते. कन्नड उत्तम येणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याने त्यांच्यासोबत जाऊन दाखला अक्षर न् अक्षर वाचून दाखवला आणि नावाची दुरुस्ती होईपर्यंत पाठपुरावा केला. असा माणूस प्रत्येक गटात असलाच पाहिजे.

नियोजनात मात्र दोन उणिवा आहेत. भेटींची सुरुवात ऐन जुलैत होते, तेव्हा जांबोटी-कणकुंबीकडे पावसाचा जोर असतो आणि बरीच मुले भाताच्या लावणीत घरच्यांना मदत करीत असतात. शाळा सुरू होताच, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ओळख करून दिली तर हे टाळता येईल. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. एस.एस.एल.सी.चा, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या परीक्षेचा निकाल लागला की मार्गदर्शकाचे काम संपते. वास्तविक त्याच वर्षात पुन्हा परीक्षा देण्याची संधी असल्याने, नापास झालेल्या मुलाला नेमके निकालानंतरच धीर देऊन पुन्हा बसवावे लागते. उत्तीर्ण झालेल्यांनाही मराठी माध्यमातून थेट इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या पी.यू.च्या (अकरावी-बारावीच्या) विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत जाताना आधाराची गरज असते. अकरावीची पहिली सहामाही संपेपर्यंत मार्गदर्शक कायम ठेवावा, अशी मागणी मी संयोजकांकडे लेखी केली आहे.

आठवड्यातील एक दुपार वर्षभर नेमाने देऊ शकणाऱ्यांनी अवश्य नाव नोंदवावे. मधूनच वेळ मिळेल तसे येणार असाल, तर भेटींची जबाबदारी न घेता दाखल्यांच्या कामात मदत करावी. तिथेही माणसे कमीच पडतात.