छोटा टॉर्क रेंच (५ ते २५ न्यूटन मीटर): जुनी टू स्ट्रोक असेल तर घ्याच

माझ्याकडे १९७४ ची होंडा सीआर १२५ एम मोटरसायकल आहे, एल्सिनोर म्हणतात ती. इथे कॅलिफोर्नियात लेक एल्सिनोरला रेस व्हायची, तिच्यावरूनच होंडाने नाव ठेवलं. एअर कूल्ड टू स्ट्रोक, इंजिनाच्या केसेस अ‍ॅल्युमिनियमच्या आणि बोल्ट स्टीलचे, त्यामुळे जोर जरा जास्त झाला की बोल्टला काही होत नाही, केसमधले आटे जातात आणि मग हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवत बसा. पन्नास वर्षांत त्या आट्यांवर किती जणांनी पाना चालवलाय देव जाणे.

तर टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना. हा १/४ इंच ड्राइव्हचा (सॉकेट बसतं तो चौकोन), क्लिक टाइप (तेवढा जोर आला की टक्क होतो), तैवानचा. बहुतेकांकडे कारच्या चाकांसाठीचा मोठा १/२ इंचवाला असतो आणि तोच सगळीकडे चालवतात, तसं करू नका प्लीज. या गाडीवर ६ एमएमचे बोल्ट जागोजागी आहेत, त्यांना साधारण १० न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) लागतं, आणि मोठ्या रेंचचं स्केलच त्याच्या पुढे सुरू होतं, म्हणजे क्लिक यायच्या आधीच आटे हातात. छोट्यावर १० ला स्पष्ट टक्क होतं, हाताला पण जाणवतं. ५-६ ला मात्र क्लिक अगदी हलकी येते, शेजारी कंप्रेसर चालू असेल तर कळणार पण नाही. बॉक्समधे कॅलिब्रेशनचा कागद आहे, आयएसओ ६७८९ प्रमाणे, १० च्या वर ४ टक्के फरक चालतो आणि १० पर्यंत ६ टक्के.

खरी किंमत वसूल होते ती हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) नटांवर. इंजिन पूर्ण थंड पाहिजे. आधी सगळे नट हाताने टेकवायचे, मग मॅन्युअलमधल्या आकड्याच्या निम्म्यावर, मग पाऊण, मग पूर्ण, आणि प्रत्येक वेळी समोरासमोरचे, एकाच बाजूने गोल फिरत जायचं नाही. नंतर गाडी एकदा नीट गरम करून पूर्ण गार झाली की परत चेक. एवढं का सांगतोय, तर टू स्ट्रोकमधे हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमधे (इंजिनाच्या खालच्या पेटीत) येतं, तिथे किंवा सिलिंडरच्या बेस गॅस्केटला (खालच्या सांध्यातल्या पातळ सीलला) कुठूनही हवा ओढली गेली की मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं आणि पिस्टन सीझ, म्हणजे जाम. गावाकडे ज्यांनी आरएक्स १०० जपून ठेवल्यात त्यांना पण हे सगळं लागू आहे, कारण चांगला मेकॅनिक सुद्धा एकाच अंदाजाने चारही नट सारखे आवळू शकत नाही.

आणि आटे साफ कोरडे ठेवा. लावलेल्या जोरातला जवळपास ९० टक्के नुसता घर्षणात जातो, बोल्ट ताणायला उरतो १० एक टक्के, म्हणून ग्रीस किंवा अँटी सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावून तोच आकडा ठेवलात तर बोल्ट बराच जास्त ताणला जातो. मॅन्युअलनेच ऑइल लावा म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी.

तक्रारी दोन. स्केलचे आकडे बारीक कोरलेत, रंग नाही, गॅरेजच्या ट्यूबलाइटमधे मोबाइलचा टॉर्च लावून वाचावे लागतात. दुसरं म्हणजे स्केल फक्त न्यूटन मीटर आणि इंच-पाउंडमधे, आणि जुन्या होंडाच्या मॅन्युअलमधे किलोग्रॅम-मीटर नि फूट-पाउंड. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन मीटर, हे सोपं आहे, पण फूट-पाउंडचा आकडा चुकून इंच-पाउंडवर लावलात तर १२ पटीचा फरक पडतो, म्हणून मी लागणारे सगळे आकडे न्यूटन मीटरमधे काढून टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवलेत.

काम झालं की स्केल सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते. याने नट सोडवायचा नाही, त्याला साधा पाना आहे. क्लिक झाली की थांबायचं, खात्रीसाठी अजून एकदा टक्क करणारे खूप बघितलेत, त्याने जास्तच आवळलं जातं.

अ‍ॅक्सल आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बोल्टला हा पुरत नाही, तिथे मोठाच लागेल. गोट्या (सॉकेट) सोबत येत नाहीत, ८, १० आणि १२ च्या वेगळ्या घ्या, इंजिनावरचं बरंचसं काम त्यात होतं. पाचपैकी साडेचार.