रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड: दिवाळीपासून वापरतोय, जोडी कशी निघाली?

घरी इंदिरानगरला बसून अंबड एमआयडीसीतल्या टूलरूमची ड्रॉइंग्ज करतो. दिवसभर ऑटोकॅड, मधूनच सॉलिडवर्क्स. नवा पीसी पाहायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "प्रोसेसर कुठला?" मदरबोर्ड कुठला, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. जोडी जमणार की नाही, ते तर बोर्डावरच ठरतं.

दुकानदाराचा आग्रह होता इंटेलच्या आय-फाइव्ह १२४०० आणि एच६१० बोर्डाचा. "साहेब, डोळे झाकून घ्या." वाईट नाही ते. घरात डीडीआर४ रॅम पडून असेल आणि टॅली, जीएसटी एवढंच काम असेल, तर मीही तेच सांगेन. पण त्या बोर्डावरचं एलजीए१७०० सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, इंटेलच्या चौदाव्या पिढीपाशी थांबलं. पुढच्या कोअर अल्ट्राला वेगळं सॉकेट लागतं. माझ्या बी६५० वरचं एएमडीचं एएम५ सॉकेट आलं २०२२ मध्ये आणि २०२७ पर्यंत तरी ते चालू ठेवू, असं एएमडीने जाहीर केलंय. आधीच्या एएम४ साठी २०२४ मध्येही नवे प्रोसेसर आले होते, त्यामुळे या शब्दावर भरवसा ठेवायला हरकत नव्हती. चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा, या हिशोबाने मी बोर्डावर जरा जास्त पैसे घातले. त्याच सॉकेटचा ए६२० बोर्ड स्वस्तात मिळत होता, पण दाखवलेल्या बोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, तो तापतो) हीटसिंकच नव्हतं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या खोलीत ते नको वाटलं.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी करा. बोर्ड कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडा आणि तुमच्या प्रोसेसरसमोर किमान कुठलं बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) लिहिलंय ते बघा. ७६०० ला अडचण येत नाही. पण दुकानात पडून राहिलेला बी६५० आणि रायझनच्या नव्या ९००० सीरिजचा प्रोसेसर अशी जोडी घ्याल, तर जुन्या बायोसवर पीसी सुरूच होणार नाही. बोर्डावर फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेनड्राइव्हवरून प्रोसेसर न बसवताही बायोस अपडेट होतं. दुसरं म्हणजे सॉकेटवरचं झाकण काउंटरवरच काढायला लावा. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून त्यांच्या रांगा पाहिल्या, फोटो काढला, मगच प्रोसेसर बसवू दिला. वाकलेली पिन नंतर वॉरंटीत धरत नाहीत. दुकानातला पोरगा हसला, हसू दे.

पहिल्यांदा सुरू केला तेव्हा काही मिनिटं स्क्रीन काळीच. पोरगा बटण दाबून बंद करायला निघालेला, त्याला थांबवलं. डीडीआर५ रॅमचं मेमरी ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्यात घाई करायची नाही. रॅम ६००० च्या वेगाची असली तरी बायोसमध्ये एक्स्पो (रॅमचा पूर्ण वेग चालू करणारी सेटिंग) चालू करेपर्यंत ती ४८०० वरच चालत होती. रॅमच्या दोनच काड्या घ्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. चार लावल्या की वेग पडतो.

आता कामाचं. मोठी असेंब्ली उघडताना जुन्या पीसीवर चहा व्हायचा, आता होत नाही. उन्हाळ्यात सोबतच्या कूलरवर रेंडर लावलं की तापमान नव्वदीला टेकायचं आणि पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत जायचा. साधा टॉवर कूलर लावला, प्रश्न मिटला. पावसाळ्यात जुनं ग्राफिक्स कार्ड गेलं, तेव्हा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर टूडीचं काम दोन मॉनिटरवर निभावलं. आत ग्राफिक्स नसलेला ७५००एफ घेतला असता तर स्क्रीनच आली नसती. इंटेलमध्येही नावाशेवटी 'एफ' दिसला की तीच गत.

बोर्डाबद्दल तक्रार एकच: मागे यूएसबी फार कमी. प्रिंटर, डोंगल, यूपीएसची केबल, कीबोर्ड, माउस, संपलं. शेवटी हब घ्यावा लागला, तो टेबलाखाली लोंबकळतोय. आणि हो, सॉकेटचं ते प्लॅस्टिकचं झाकण बिलासोबत जपून ठेवा. बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर ते लावूनच द्यावा लागतो.