स्क्रीन सारखी काळी पडते: केबल, दुरुस्ती की नवा मॉनिटर?

भाऊजींचा फोन आला तेव्हा त्यांचं जवळजवळ ठरलंच होतं. दुकानदार "पॅनेल गेलंय, नवा घ्या" म्हणाला होता आणि ते पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, निघालेच होते. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा. मॉनिटर चालू करा, खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च काळ्या स्क्रीनवर तिरका धरा.

काळ्या काचेत डेस्कटॉपवरचा गणपती अंधुक दिसत होता. कोपऱ्यातली कचऱ्याची टोपलीसुद्धा! म्हणजे पॅनेल चित्र नीट काढत होतं, फक्त त्याच्यामागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, लागत नव्हता.

पैसे कुठे घालायचे हे ठरवण्याआधी काळं नेमकं कोण पडतंय ते बघायला हवं, मॉनिटर की कॉम्प्युटर? स्क्रीन काळी असताना मॉनिटरचं स्वतःचं मेनू बटण दाबा. मेनू दिसला किंवा 'नो सिग्नल' असं आलं, तर मॉनिटर ठणठणीत आहे. दोष केबलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये. मेनूच दिसत नसेल, तर संशय मॉनिटरवर. एखाद्याचा लॅपटॉप आणून त्याच मॉनिटरला जोडला की उरलेली शंकाही फिटते.

सगळ्यात स्वस्त म्हणजे केबल. दोन-तीनशे रुपयांत काम होतं, म्हणून संशय आधी तिच्यावर. जुन्या व्हीजीए केबलचे दोन स्क्रू बहुतेक घरांत कधी आवळलेलेच नसतात. एचडीएमआयला तर स्क्रूच नाही. टेबल हललं की ती सैल होते. केबल हलवल्यावर चित्र जात-येत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. एक गमतीचा प्रकार, पण खरा: गॅस-लिफ्टवाल्या ऑफिस खुर्चीवरून उठता-बसताना जो विद्युत झटका निर्माण होतो, त्यानेही क्षणभर स्क्रीन जाऊ शकते. केबल त्या लहरी पकडते आणि सिग्नल तुटतो. अशा वेळी जाड, चांगलं आवरण असलेली आखूड केबल घेतलेली बरी.

फुकटचे उपाय त्याआधी. दर वेळी बरोबर तेवढ्याच मिनिटांनी स्क्रीन जात असेल, तर तो बिघाड नाही, पॉवर सेटिंग आहे. अचानक गेली, तर विंडोज १० किंवा ११ वर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. बीप होऊन चित्र परत आलं, तर ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, अडकला होता. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाच्या नोंदी सापडल्या की तोच संशय पक्का होतो. ड्रायव्हर नव्याने टाकायला पैसे पडत नाहीत.

कॉम्प्युटरचाच दोष असेल, तर खर्च वाढत जातो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रॅमच्या पिनांवर दमट हवेचा थर बसतो. वायर काढून, रॅम बाहेर घेऊन तिच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, हा आपल्याकडचा जुना इलाज आजही चालतो. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग चालू असतानाच स्क्रीन जाते आणि आतले पंखे मात्र जोरात फिरत राहतात? मग ग्राफिक्स कार्डवरची धूळ बघा, नाहीतर एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. यात माझं मत स्पष्ट आहे: एसएमपीएस दुरुस्त करत बसू नका, चांगल्या कंपनीचा नवा घ्या. स्वस्तातला पुन्हा तेच करतो, आणि जाताना मदरबोर्डही नेऊ शकतो.

आता खरा पेच, मॉनिटर उघडायचा की बदलायचा. चित्र दोन सेकंद दिसून नाहीसं होत असेल, तर दोन शक्यता. २०१० च्या आसपासपर्यंतच्या बऱ्याच मॉनिटरांत बॅकलाइटसाठी बारीक ट्यूब असतात. त्यातली एक म्हातारी झाली की त्यांना वीज पुरवणारं इन्व्हर्टर सर्किट सुरक्षिततेसाठी सगळ्याच विझवतं. ट्यूब बदलायला पॅनेल सोलावं लागतं, ट्यूब मिळवणं जिकिरीचं, शिवाय त्यांत पारा असतो. इथे नवा मॉनिटर घ्यावा आणि जुना ई-कचऱ्यात द्यावा, घंटागाडीत नाही.

दुसरी शक्यता पॉवर बोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे नळकांड्यासारखे भाग. त्यांचं डोकं सपाट असायला हवं. फुगून घुमटासारखं झालं की ओळखावं. ही दुरुस्ती नव्या मॉनिटरपेक्षा केव्हाही परवडते: सुटे भाग वीस-तीस रुपयांचे, बाकी मजुरी. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचे आणि १०५ अंशांपर्यंत उष्णता सोसणारे घालायला सांगा. हे स्वतः मात्र करू नका. वायर काढल्यावरही बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब राहू शकतो. भाऊजींच्या मॉनिटरमध्ये असे दोन कपॅसिटर निघाले. गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने दुपारी काम करून दिलं.

पॅनेलवर रेघा असतील किंवा काच तडकली असेल, तर दुरुस्तीचा विषयच काढू नका. बाकी बाबतीत माझा हिशेब सोपा: दुरुस्ती नव्याच्या एक तृतीयांशाच्या वर गेली की नवा.

लॅपटॉपचं गणित निराळं, तिथे दुरुस्तीकडे कल असावा. झाकण ठराविक कोनात आलं की स्क्रीन जात असेल, तर बिजागरीतून जाणारी पट्टीसारखी केबल झिजलीय. ती पॅनेलपेक्षा बरीच स्वस्त. बाहेरचा मॉनिटर जोडून तिथे चित्र व्यवस्थित दिसतंय का, ते आधी बघा. आणि मनगटावर चुंबकाचं ब्रेसलेट असेल तर ते काढून बघा! झाकण मिटल्याचं लॅपटॉपला चुंबकानेच कळतं, त्यामुळे ब्रेसलेट सेन्सरजवळ आलं की स्क्रीन झोपते.

शेवटी नवाच घ्यायचं ठरलं, तर दुकानात जाण्याआधी कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचा फोटो काढून न्या. जुन्या डब्याला फक्त निळं व्हीजीए भोक असतं आणि नव्या मॉनिटरला ते असेलच असं नाही. कन्व्हर्टर घ्यावा लागला तर तो 'व्हीजीए टू एचडीएमआय' असाच मागा. उलट्या दिशेचा हुबेहूब दिसतो, चालत मात्र नाही.