अस्वलासाठी बारा बोअर: एलजी की स्लग, फुल चोक की मोकळी नळी?

भाचा कराडचा, सध्या अलास्कात असतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर त्यानं पंप-अ‍ॅक्शन बारा बोअर घेतली. (नुसत्या व्हिसावर असणाऱ्यांना शिकारीच्या परवान्यासारख्या अपवादाशिवाय तिथं बंदूक बाळगता येत नाही, हे आधी बघा.) नदीकाठी तंबूत राहायचं होतं, म्हणून त्यानं फोन केला, "मामा, आपल्या दुनळीत असायचे तसले मोठे छर्रे भरू का?"

पाटण तालुक्यात आमच्या घरी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर दुनळी आहे. वडिलांच्या काळापासून राखणीला खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान एलजी, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसं. तेच त्याच्या डोक्यात बसलेलं. मी त्याला नाही म्हणालो, आणि का ते जरा नीट सांगतो.

एलजी म्हणजे एका औंसात सहा छर्रे, एकेक नऊ मिलिमीटरचा. अमेरिकेतलं डबल-ऑट हे छर्ऱ्यांचं काडतूस आपल्या एसजीच्या, म्हणजे एलजीहून जरा बारीक छर्ऱ्यांच्या, जवळचं: ८.४ मिलिमीटरचे, नेहमीच्या पावणेतीन इंची काडतुसात बहुधा नऊ. एका छर्ऱ्याचं वजन साडेतीन ग्रॅम. तपकिरी अस्वलाच्या खांद्यावर जाड कातडं, चरबी, स्नायू, मग हाड. हलका गोल छर्रा एवढं भेदून आत जाईल याचा भरवसा नाही. स्लग ही एकच गोळी, औंसभर म्हणजे २८ ग्रॅम, आणि ते सगळं वजन एकाच जागी लागतं. "छर्रे पसरतात, नेम चुकला तरी लागतात" हे तर मनातून काढूनच टाका. सात-आठ मीटरवर फैलाव जेमतेम वीतभर असतो. नेम दोन्हींत धरावाच लागतो.

स्लगमध्येही फरक आहे. फॉस्टर पद्धतीची नरम शिशाची, मागून पोकळ गोळी स्वस्त असते, सरावाला उत्तम. पण मोठ्या हाडावर ती चपटी होते. ब्रेनेके पद्धतीची कठीण शिशाची गोळी आकार टिकवून खोल जाते. अस्वलासाठी मी हीच घेईन. सॅबो स्लगला (प्लॅस्टिकच्या वेष्टनातली बारीक गोळी) आट्यांची, म्हणजे आतून पिळाच्या खाचा असलेली नळी लागते, ती लांबच्या नेमासाठी. इथं तिचं काम नाही.

आता चोक. बारा बोअरची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटरची. फुल चोक तोंडाशी ती सुमारे एक मिलिमीटर आवळतो, इम्प्रूव्हड सिलिंडर फक्त पाव, आणि सिलिंडर अजिबात नाही. आमच्या दुनळीची डावी नळी फुल आहे, लांबवर छर्रे एकवट राहावेत म्हणून. स्लगला त्या आवळण्याचा फायदा शून्य, उलट गोळी चेपते, नेम बिघडतो, नळीवर ताण येतो. गोळीवरच्या तिरक्या रेघा फिरकीसाठी असतात असं आपल्याकडे सर्रास सांगतात. खरं तर त्यांचं मुख्य काम चोकमधून जाताना शिशाला दबायला जागा देणं. तेव्हा सिलिंडर किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर, त्यापुढं जाऊ नका. आणि त्याच गोळीनं, त्याच चोकवर, पंचवीस मीटरवर कागदावर मारून बघा.

खरं सांगायचं तर मी त्याला बंदुकीच्या आधी मिरचीचा फवारा घ्यायला लावला. अस्वल ताशी पन्नास किलोमीटरच्या वर धावतं, म्हणजे तीस मीटर दोन-अडीच सेकंदांत. तेवढ्यात खांद्याला दस्ता लावून नेम धरणं सरावलेल्यालाही अवघड. अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या घटनांचा अभ्यास २००८ मध्ये छापून आला. त्यात फवाऱ्यानं तपकिरी अस्वलाचा आगाऊपणा ९२ टक्के वेळा थांबला. वारा तोंडावर असेल तर मात्र तो आपल्याच डोळ्यांत येतो. डबा कमरेला हवा, पिशवीत नको. विमानात तो नेता येत नाही, तिथं उतरल्यावरच घ्यावा लागतो.

यातलं बंदुकीचं काहीही कोयना-चांदोलीकडं आणू नका. आपलं अस्वल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधलं आहे, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय बंदूक नेणं हाच गुन्हा. जीव वाचवताना प्रामाणिकपणे घडलेल्या कृतीला १९७२ च्या याच कायद्याचं कलम ११ संरक्षण देतं, पण म्हणून तयारीनं जाण्याची मुभा मिळत नाही. इथं दोघं-तिघं मिळून, मोठ्यानं बोलत, हातात काठी घेऊन चालायचं. उंबर-जांभळं पिकलेल्या ओढ्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला शिरायचं नाही.

भाच्यानं कठीण शिशाच्या पंचवीस गोळ्या घेतल्यात, त्यातल्या वीस सरावाला. फवाऱ्याचा डबा पट्ट्याला डाव्या बाजूला लावतो म्हणाला, तो डावखुरा आहे.